आई-वडिलांसाठी नर्सिंग होम बघताय? मग दुकानदाराच्या नजरेने बघा



आजचा विषय धंद्याचा नाही असं तुम्हाला वाटेल. पण ट्रेनिंगच्या मधल्या चहाला चाळिशीपुढचे दुकानदार एकत्र उभे राहिले की मार्जिन आणि उधारीनंतर तिसरा विषय हमखास हाच निघतो. वडील पॅरालिसिसने अंथरुणाला खिळलेत, किंवा आई बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलंय. दुकान सकाळी नऊला उघडायचं, रात्री साडेनऊला शटर ओढायचं. मधल्या वेळात कुशीवर वळवणं, डायपर, औषध, भरवणं हे सगळं कोण करतं? बायको. तिच्या पाठीचं दुखणं कुठल्याच हिशोबात येत नाही. घरी ठेवलेली मावशी पंधरा दिवसांनी गावी जाते ती परत येत नाही. मग एक दिवस कोणीतरी एखाद्या सेंटरचा नंबर देतं, आपण रविवारी जाऊन बघतो, टाइल्स चकचकीत दिसतात, रिसेप्शनवरची मुलगी गोड बोलते, आणि आपण ॲडव्हान्स देऊन मोकळे होतो.

मला सांगा, पन्नास हजारांचा माल देणारा नवीन सप्लायर तुम्ही असा पारखता का? त्याचं गोडाऊन बघता, जुन्या गिऱ्हाइकांना फोन करता, सॅम्पल मागवता. आईच्या बाबतीतही तेच करायचं. लोक काय म्हणतील हा विषय आज बाजूला ठेवूया. ज्याला घरी जमत नाही त्याला जमत नाही. प्रश्न एवढाच की जिथे ठेवाल ती जागा धड आहे का.

माझं दुकान सर्जिकल सामानाचं आहे. डायपर, एअर मॅट्रेस, व्हीलचेअर, हातमोजे. अशा सेंटर्सना माल देतो, त्यामुळे पुढच्या दाराबरोबर मागचं दारही बघायला मिळतं. आज सांगतोय त्यातलं बरंचसं मागच्या दाराचं आहे.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डॉक्टरांच्या नावाची पाटी असलेलं दहा-पंधरा खाटांचं छोटं हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे म्हातारी, परावलंबी माणसं कायमची राहतात ती जागा. आपल्याकडे तशा जागेला केअर सेंटर म्हणतात, कोणी शुश्रूषा केंद्र म्हणतं, कोणी सरळ वृद्धाश्रम. नाव काहीही असो, आज आपण बोलतोय ते अंथरुणावरच्या किंवा परावलंबी माणसाला पैसे घेऊन सांभाळणाऱ्या जागेबद्दल.

तुमचा भाऊ न्यू जर्सीत असेल तर तो म्हणेल, ऑनलाइन रेटिंग बघ ना! त्याचं बरोबर आहे, पण ते तिकडचं. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानंतर सरकारी निरीक्षक न कळवता येतात, दोन तपासण्यांमध्ये पंधरा महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, आणि २००८ पासून सरकार प्रत्येक होमला एक ते पाच स्टार देतं. ते स्टार तीन गोष्टींवर ठरतात: तपासणीत काय सापडलं, माणसं किती आहेत, आणि रुग्णांची तब्येत प्रत्यक्षात कशी राहते. आपल्याकडे घरबसल्या असे स्टार बघायची सोय नाही. गूगलवरचे स्टार आहेत, पण ते कसे जमवतात हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणजे निरीक्षक तुम्हालाच व्हायचंय.

अव्हेडिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा मोजायची एक सोपी चौकट मांडली. रचना, प्रक्रिया आणि परिणाम. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर दुकान कसं आहे, काम कसं चालतं, आणि गिऱ्हाइकाच्या हातात शेवटी काय पडतं. आपण सगळे पहिल्या गोष्टीत अडकतो, कारण ती डोळ्यांना दिसते. टीव्ही, एसी, गार्डन. खरी गंमत दुसऱ्या आणि तिसऱ्या खणात असते.

कागद

कागदाचं काम दहा मिनिटांचं आहे, पण टाळू नका.

महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ चा आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा त्यात येते. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. तीन वर्षांत नूतनीकरण होतं, म्हणून तारीख बघा. नोंदणी किती खाटांची आहे ते बघा आणि मग आत जाऊन खाटा मोजा. पंधराची नोंदणी आणि सव्वीस खाटा असतील तर उरलेल्या अकरा माणसांसाठी बाथरूम, मावशी आणि ऑक्सिजन कुठून येणार?

काही ठिकाणी भिंतीवर सुंदर फ्रेममध्ये गुमास्ता नाहीतर उद्यमचं प्रमाणपत्र लावलेलं असतं. अहो, उद्यम आपण सगळ्यांनी घरबसल्या काढलंय, त्याची किंमत आपल्याला माहीत आहे. तो धंदा करायचा कागद, रुग्ण सांभाळायचा नाही. नुसतं राहणं-जेवण देणारा साधा वृद्धाश्रम असेल तर तो हिंडत्या-फिरत्या माणसाला ठीक आहे. नाकात नळी किंवा लघवीची पिशवी लावलेल्या माणसाला तिथे ठेवू नका, मालक कितीही चांगला असला तरी.

आगीच्या कागदावर मात्र थोडं थांबा. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. दोन्हीकडे आतले रुग्ण स्वतः उठून बाहेर येऊ शकणारे नव्हते. तुमची आईही नसेल. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू असल्याचं, परवानाधारक एजन्सीचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. ते मागा. मग कागद खाली ठेवून चाला. तिसऱ्या मजल्यावर खाट आहे, आगीत लिफ्ट वापरायची नाही, मग स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरतं का? मागच्या दाराला कुलूप आहे का, आणि रात्री दोन वाजता त्याची किल्ली कोणाकडे असते? हा किल्लीचा प्रश्न मॅनेजरला न विचारता रात्रीच्या मावशीला विचारा. तिला उत्तर माहीत नसेल तर मॅनेजरच्या उत्तराला काही अर्थ नाही. आणि शक्यतो तळमजला मागा.

रात्रीचा हिशोब

आता कॅल्क्युलेटर काढा. या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही, त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं. नाहीतर एकाच जागी दाब पडून कातडी मरायला लागते, बेडसोअर होतो. समजा सेंटरमध्ये असे पंधरा रुग्ण आहेत. रात्री आठ ते सकाळी आठ बारा तास, म्हणजे प्रत्येकाच्या सहा वेळा. पंधरा गुणिले सहा, नव्वद वेळा. प्रत्येक वेळी डायपर बघणं, उशी लावणं धरून पाच मिनिटं, आणि धड माणसाला वळवायला दोन जण लागतात. नव्वद गुणिले पाच म्हणजे साडेचारशे मिनिटं, साडेसात तास. दोन माणसांनी रात्रभर, जोडीने काम केलं तर हे होतं. त्यात कोणाला उलटी झाली, कोणी पडलं, की गणित मोडलं.

आता मॅनेजरला साधा प्रश्न विचारा, ‘रात्री ड्युटीला किती जण असतात?’ उत्तर ‘एक मावशी असते ना, आणि वॉचमन आहे’ असं आलं, तर दोन तासांनी वळवतात हे खरं नाही. मावशी वाईट आहे असं नाही हं. ती माणूस आहे, तिला दोनच हात आहेत.

एक पोस्ट चोवीस तास भरायला बारा तासांच्या दोन शिफ्ट, आठवड्याच्या चौदा. एक माणूस आठवड्याला सहा शिफ्ट करतो. म्हणजे एका पोस्टला दोन माणसं पुरत नाहीत, सव्वादोनच्या वर लागतात. ‘आमच्याकडे आठ स्टाफ आहे’ याचा अर्थ एका वेळी फार तर तीन. त्यातला एक स्वयंपाकी असेल तर?

हाच हिशोब पैशांचा करून बघा. समजा पंधरा रुग्ण, महिना अठरा हजार प्रत्येकी. दोन लाख सत्तर हजार आले. भाडं पन्नास हजार, जेवणखाण सत्तर हजार, वीज-पाणी-धुणं पंचवीस हजार धरा. उरले सव्वा लाख. चौदा हजाराने आठ माणसं ठेवली तर एक लाख बारा हजार गेले. नर्स, डॉक्टरची व्हिजिट आणि मालकाचं घर तेरा हजारांत चालवायचंय. आता शेजारच्या गल्लीत कोणी बारा हजारांत घेतो म्हणाला, तर त्याच्याकडे आले एक लाख ऐंशी हजार, आणि तोच खर्च काढून उरले पस्तीस हजार. त्यात किती माणसं बसतात ते तुम्हीच सांगा. आकडे तुमच्या शहराप्रमाणे बदला, पण हिशोब करा. स्वस्त रेटमध्ये जे कापलं जातं ते नेहमी रात्रीचा माणूस असतो, कारण तो कोणी बघायला येत नाही. महाग म्हणजे चांगलं असंही नाही. तिथे काही वेळा पैसे टाइल्समध्ये गेलेले असतात.

हातमोज्यांचा बॉक्स

हे माझ्या दुकानातलं आहे, दुसरीकडे कुठे वाचायला मिळेल असं वाटत नाही.

हातमोज्यांच्या एका बॉक्समध्ये शंभर नग, म्हणजे पन्नास जोड्या. वीस अंथरुणावरचे रुग्ण, दिवसाला चार वेळा बदलणं, प्रत्येक वेळी नवी जोडी. ऐंशी जोड्या, एकशे साठ नग. दिवसाला दीड बॉक्सच्या वर, महिन्याला पन्नासच्या आसपास. वीस खाटांचं सेंटर महिन्याला सहा बॉक्स नेत असेल तर एकच जोडी घालून मावशी ओळीने आठ खाटा करतेय, किंवा मोजे न घालताच. एकाचा संसर्ग दुसऱ्याला असाच जातो.

तुम्ही त्यांची खरेदी बिलं बघू शकणार नाही, पण खोलीत बॉक्स कुठे ठेवलाय ते बघू शकता. हाताशी, उघडलेला, अर्धा संपलेला बॉक्स ही चांगली खूण. ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद ही वाईट. तसंच खाटेजवळ हात धुवायची सोय किंवा सॅनिटायझर आहे का, आणि बाटलीत काही आहे का, ते दाबून बघा. कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, निळ्या बादल्या सगळीकडे दिसतात. झाकण उचला. पिवळ्या बादलीत केळीची सालं असतील तर रंग फक्त तपासणीसाठी आहेत.

चार्ट आणि टाचा

वळवल्याची नोंद ठेवतात का विचारा. बहुतेक जण खाटेला लावलेला चार्ट दाखवतील. तो नीट बघा. सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दाबाने, एका दमात केलेल्या दिसतात का? आणि आता दुपारचे बारा वाजलेत तर चारची सही आधीच झालीय का? स्टॉक रजिस्टर ऑडिटच्या आदल्या रात्री कसं लिहिलं जातं हे तुम्हाआम्हाला कळतं, ती नजर इथे वापरा.

पण कागदावर शेवटचा विश्वास ठेवू नका. परिणाम शरीरावर दिसतो. माझ्या एका गिऱ्हाइकाची आई अशाच एका सेंटरमध्ये होती. दर रविवारी जायचा, बसायचा, सफरचंद भरवायचा. आई स्वच्छ, पावडर लावलेली, पायात मोजे. थंडीचे दिवस, त्यामुळे मोज्यांचं काही वाटलं नाही. एका रविवारी त्याच्या मुलीने आजीच्या पायाला तेल लावायला मोजे काढले, तर डाव्या टाचेला रुपयाएवढी काळी जखम. मॅनेजर म्हणाला, ‘साहेब, शुगरवाल्यांना होतंच असं.’ शुगरमुळे जखम भरायला वेळ लागतो हे खरं आहे. पण खाटेला टेकून टेकून टाच काळी पडते ती दाबामुळे, आणि ती एका दिवसात पडत नाही. कोणीतरी रोज मोजे घालत होतं आणि टाच बघत नव्हतं.

म्हणून चार जागा लक्षात ठेवा: टाचा, माकडहाड, दोन्ही खुबे आणि डोक्याची मागची बाजू. लाल दिसलं तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर कातडी अजून धरून आहे. दाबूनही लालच राहिलं तर ती बेडसोअरची सुरुवात आहे, लगेच डॉक्टरला दाखवा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथे हात लावून बघा. आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागतं का. ॲडमिट करायच्या दिवशी या चारही जागांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, सेंटरच्या माणसासमोर. पुढे ‘हे घरूनच आणलंय’ हा वाद राहत नाही. खरं तर चांगलं सेंटर स्वतःच ॲडमिशनला अंग तपासून लिहून घेतं. तसं करणारं भेटलं तर माझ्या मते ती टाइल्सपेक्षा दहा पट मोठी गोष्ट आहे.

एअर मॅट्रेस आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ती मी विकतो, म्हणून सांगतो. मॅट्रेसने दाब कमी होतो, वळवणं सुटत नाही. आणि पंप चालू आहे का बघा, पुष्कळदा प्लग काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो.

कधी जायचं

तीनदा जा. एकदा वेळ घेऊन, कारण मालकाशी निवांत बोलायचंय. दुसऱ्यांदा न सांगता, जेवणाच्या वेळी. तिसऱ्यांदा रात्री आठच्या पुढे किंवा रविवारी दुपारी. ‘व्हिजिटिंग अवर्स नाहीत’ म्हणून पॅसेजमध्येसुद्धा येऊ देत नसतील तर प्रश्न पडायला हवा.

जेवणाच्या वेळी भरवणाऱ्याकडे बघा. रुग्णाला ताठ बसवलंय की आडव्या माणसाच्या तोंडात घास घालतायत? आडवं भरवलं की अन्न श्वासनलिकेत जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. पॅरालिसिसच्या रुग्णाला हा धोका खूप मोठा. जेवल्यावरही अर्धा तास टेकून बसवायला हवं. एक मावशी एका वेळी तिघांना भरवत असेल तर घास गिळला की नाही बघायला तिला वेळच नसतो. रात्रीचं जेवण किती वाजता, हेही विचारा. साडेपाचला जेवण आणि सकाळी नऊला नाश्ता, म्हणजे साडेपंधरा तास पोट रिकामं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाचं काय होईल?

सकाळी अकरा वाजता सगळा वॉर्ड गाढ झोपलेला असेल तर शांतता म्हणून खूश होऊ नका. झोपेच्या गोळ्या कोणाला, कोणाच्या चिठ्ठीवर देतात ते विचारा. खाटेला हात बांधलेले दिसले तर कारण विचारा, आणि डॉक्टरने ते लिहून दिलंय का तेही.

वासाबद्दल लोक फार बोलतात. सकाळी सातला एखाद्या खाटेजवळ लघवीचा वास येणारच, माणसं आहेत. दुपारी बाराला अख्ख्या पॅसेजला येत असेल तर नाही चालणार. आणि फिनेल-अगरबत्तीचा अतिरेक असेल तर तो कशावर पांघरूण आहे ते शोधा.

बाथरूमचा दांडा नुसता बघू नका, धरून जोरात ओढा. औषधांचं एकच बघा: प्रत्येकाचा नावाचा डबा आणि दिल्याची वेळेसकट सही. इन्सुलिन फ्रिजमध्ये दोन ते आठ डिग्रीत राहायला हवं, दह्याच्या पातेल्याला चिकटून नाही.

मालकाला एक प्रश्न जरूर विचारा. ‘मागच्या तीन महिन्यांत तुमच्याकडे किती जण पडले?’ ‘एकही नाही’ म्हणाला तर सावध व्हा. पंचवीस म्हातारी माणसं आणि एकही पडलं नाही? ‘आमच्याकडून माल कधीच परत येत नाही’ म्हणणाऱ्या दुकानदारासारखंच झालं ते. ‘तिघं पडले, एकाला टाके पडले, नंतर आम्ही रात्री पॅसेजचा दिवा चालू ठेवायला लागलो’ असं सांगून रजिस्टर दाखवणारा माणूस मी निवडेन. मग विचारा, रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या हॉस्पिटलला नेता, १०८ ला फोन कोण करतं, आणि सोबत कोण जातं. एकच मावशी असेल तर ती ॲम्ब्युलन्समध्ये बसली की बाकीच्यांजवळ कोण?

पैसे आणि नंतरचं

करार लेखी घ्या. डायपर, फिजिओ, ऑक्सिजन, ड्रेसिंग रेटमध्ये आहे की वेगळं? डिपॉझिट किती दिवसांत परत? हॉस्पिटलला हलवलं तर त्या दिवसांचं भाडं लागतं का? रेट कधी आणि किती वाढेल? दर महिन्याला वजन करून कळवायची अट घाला. काही किलो वजन गुपचूप उतरतं आणि कोणाच्या लक्षातच येत नाही.

पहिले पंधरा दिवस जमेल तसं रोज, वेळ बदलून जा. दुकानातला मुलगा तासभर गल्ला सांभाळेल. आई बोलू शकत असेल तर मावशी समोर नसताना विचारा, आणि ‘बरी आहेस ना?’ असं विचारू नका, त्याला ती हो म्हणणारच. ‘रात्री तहान लागली तर कोणाला हाक मारतेस? किती वेळाने येतात?’ असं विचारा. मावशीचं नाव पाठ करा, तिच्याशी आदराने बोला. तुमच्या आईची रात्र तिच्या हातात आहे.

काही खटकलं तर आधी मालकाला व्हॉट्सॲपवर लेखी कळवा, फोटोसकट. ऐकलं नाही तर नोंदणी ज्यांनी दिली त्या महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार करा. महापालिका हद्दीबाहेर असाल तर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे. ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५. दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करा. आणि जखम दिसली असेल तर तक्रारीच्या उत्तराची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी आईला डॉक्टरकडे न्या.